हप्त्यावरचा जीएसटी गेला आणि एजंटच्या कमिशनला कात्री लागली : जुन्या रिन्यूअलचं काय करायचं?

रेवती (धागाकर्ती)

आरोग्य विम्याचं काम करणाऱ्या बऱ्याच एजंटांच्या हातात एव्हाना कंपनीचं ते सर्क्युलर पडलं असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसी आणि फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाला मिळून एक विमा रक्कम असलेली पॉलिसी) यांच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी माफ झाला. असं व्हावं म्हणून आपण सगळेच किती वर्षं बोलत होतो. साठी उलटलेल्या माणसाने आधीच मोठा हप्ता भरायचा आणि वर त्यावर कर द्यायचा, हे मला कधीच पटलं नव्हतं. माफी जाहीर झाल्यावर लोकांनी आपणहून फोन करून विमा रक्कम वाढवून मागितली, याचा मला मनापासून आनंद झाला.

पाठोपाठ सर्क्युलर आलं. यापुढे आपलं कमिशन जीएसटी धरून समजलं जाणार. कागदावरचा टक्का तोच, पण कर त्यातूनच वजा होणार.

हिशेब मांडते. मूळ हप्ता २०,००० रुपये धरा. आधी ग्राहक त्यावर ३,६०० रुपये कर देऊन एकूण २३,६०० भरायचा. १५ टक्क्यांनी माझं कमिशन ३,०००, टीडीएस वगळता पूर्ण माझं. त्या ३,००० वरचा ५४० रुपये जीएसटी कंपनी वेगळा भरायची. आता ग्राहक २०,००० भरतो, आणि माझे ३,००० हे करासकट ३,००० मानले जातात. त्यातले ४५८ सरकारकडे जातात, मला उरतात २,५४२. दर सहा-सात पॉलिसींमागे एका पॉलिसीचं काम बिनपैशाचं झालं.

नव्या धंद्याबद्दल मी वाद घालणार नाही. नवा दर मान्य असेल तर करा, नसेल तर करू नका, एवढं स्वातंत्र्य आपल्याला आहे. माझा आक्षेप जुन्या रिन्यूअलवर आहे. आरोग्य विम्यात खरं काम पॉलिसी विकल्यानंतर सुरू होतं, आणि त्या कामाचा मोबदला पुढच्या वर्षांच्या रिन्यूअलमधून मिळतो. ज्या घरांचे क्लेम मी गेल्या वर्षांत केले, ज्यांच्या पॉलिसी टिकवल्या, त्यांच्या रिन्यूअलवरचा माझा वाटा मला न विचारता कमी झाला. कंपनीला द्यायच्या निवेदनाचा खर्डा सुरू आहे, पण यावर आपण काय करावं? ब्रँचमध्ये विचारलं तर ‘सगळ्याच कंपन्या करतायत’ एवढंच उत्तर मिळालं.

आकडेमोड

मी सीए आहे, एजंट नाही. पण माझ्याकडे रिटर्न भरायला येणाऱ्यांत विमा एजंट बरेच आहेत, म्हणून लिहितो.

पहिली दुरुस्ती. ‘कमिशन १८ टक्क्यांनी कमी झालं’ असं सगळीकडे म्हटलं जातंय. तुमच्याच आकड्यांनी बघा : ३,००० चे २,५४२, म्हणजे कपात सव्वापंधरा टक्क्यांची. निवेदनात १८ लिहिलंत तर समोरचा पहिल्याच ओळीला तुम्हाला खोडून काढेल आणि पुढचं वाचणार नाही.

आता हे का झालं. एजंटच्या कमिशनवर जीएसटी ‘रिव्हर्स चार्ज’ने लागतो, म्हणजे तो भरायची जबाबदारी सेवा घेणाऱ्याची, अर्थात कंपनीची. आधी कंपनी ग्राहकाकडून ३,६०० गोळा करायची, त्यातून कमिशनवर भरलेले ५४० इनपुट क्रेडिट म्हणून वजा करायची आणि उरलेले सरकारला द्यायची. कंपनीच्या खिशाला झळ नव्हती. हप्ता करमाफ झाल्यावर हे क्रेडिट बंद झालं, कारण करमाफ सेवा विकणाऱ्याला तिच्यासाठी केलेल्या खर्चावरचं क्रेडिट मिळत नाही. म्हणजे कमिशनवरचा कर अजून लागतोच, फक्त तो आता कोणाला तरी सोसावा लागतो. कंपनीने तो तुमच्यावर ढकलला.

कायद्याने करदायित्व कंपनीचंच आहे. पण कमिशन किती ठरवायचं हा दोघांमधल्या कराराचा प्रश्न आहे, आणि सर्क्युलरने बदलला आहे तो करारातला दर. म्हणून ‘कंपनी कर चुकवतेय’ असं लिहू नका. ते चूक ठरेल.

आणखी एक. काही एजंटांना सल्ला मिळतोय की जीएसटी नंबर काढा म्हणजे क्रेडिट घेता येईल. तसं काही होणार नाही. तुम्ही जो कर भरतच नाही त्यासमोर क्रेडिट कसलं घेणार? उगीच दर महिन्याचं रिटर्न मागे लागेल.

स्टेटमेंट मात्र बारकाईने तपासा. १ एप्रिल २०२५ पासून विमा कमिशनवरचा टीडीएस ५ वरून २ टक्क्यांवर आला आहे, आणि वर्षाची मर्यादा २०,००० झाली आहे. कराचा आकडा वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस जीएसटी वगळून उरलेल्या रकमेवर कापायचा असतो. तुमचा टीडीएस २,५४२ वर कापलाय की ३,००० वर, ते बघा. मी पाहिलेल्या एका स्टेटमेंटमध्ये तो ३,००० वर होता.

रेवती

आकडेमोड, फार उपयोगी लिहिलंत. सव्वापंधरा. मूळ लेखात मी टक्का लिहिला नव्हता, पण निवेदनाच्या कच्च्या खर्ड्यात कुणीतरी १८ घातलंय, ते आजच बदलायला सांगते. टीडीएसचंही बघते.

समांतर

एकच उपाय. सगळ्या एजंटांनी एक तारीख ठरवायची आणि त्या दिवसापासून या कंपन्यांचा एकही नवा प्रपोजल फॉर्म भरायचा नाही. महिनाभर धंदा थांबला की सर्क्युलर आपोआप मागे येईल. आणि जो भरेल त्याचं नाव ग्रुपवर टाकायचं. विनंत्या, निवेदनं यातून आजवर काही मिळालेलं मी पाहिलं नाही. दर वेळी आपण शहाणपणाने वागतो आणि दर वेळी आपल्याच ताटातून काढून घेतलं जातं.

पॉलिसीधारक_एक

मी ग्राहक आहे. प्रश्न मनापासून विचारतोय, राग मानू नये. माझा हप्ता या वर्षी बराच कमी झाला. पॉलिसी ऑनलाइन रिन्यू होते, पैसे खात्यातून जातात. मग रिन्यूअलवर एजंटला दर वर्षी १५ टक्के कशासाठी? हे पैसे शेवटी माझ्याच हप्त्यातून जातात ना?

रेवती

राग कसला, हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारावा. उत्तर एका क्लेमवरून देते.

एका गृहस्थांची अँजिओप्लास्टी झाली, कॅशलेस. ॲडमिट करताना रेसिडेंट डॉक्टरने इतिहास विचारला, तेव्हा घाबरलेल्या मुलाने ‘बीपी आहे, बरीच वर्षं’ असं सांगितलं. कागदावर ‘एचटीएन, ५ वर्षं’ असं आलं. पॉलिसी चार वर्षांची होती. टीपीएची (कंपनीतर्फे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेची) क्वेरी, म्हणजे विचारणा आली : पॉलिसी घेताना रक्तदाब जाहीर का केला नाही? डिस्चार्ज अडकला. घरच्यांना तर क्वेरी म्हणजे क्लेम नामंजूरच वाटला आणि त्यांनी पैशांची जमवाजमव सुरू केली.

मला माहीत होतं की गोळी दोन वर्षांपूर्वी सुरू झाली, कारण त्या वर्षीच्या रिन्यूअलला आमचं त्यावर बोलणं झालं होतं. फॅमिली डॉक्टरांकडे जाऊन पहिल्या तपासणीचा कागद काढला, त्यावर तारीख होती. मग हॉस्पिटलच्या डॉक्टरांकडून आजार नेमका कधीपासून याचं पत्र घेतलं. त्यांनी आधी नुसतं ‘२ वर्षं’ लिहिलं, मी विनंती करून ‘पहिलं निदान अमुक तारखेला, सोबतच्या कागदानुसार’ असं लिहून घेतलं, कारण मोघम लिहिलं की दुसरी क्वेरी येते. इनडोअर पेपरची (ॲडमिट असतानाच्या नोंदींची) प्रत जोडली. टीपीएच्या खिडकीवरच्या मुलाने सगळे कागद एकाच पीडीएफमध्ये अपलोड केले याची खात्री करूनच तिथून हलले. मंजुरी आली.

हे काम कुठल्याही ॲपवर होत नाही, आणि यासाठी एजंट ग्राहकाकडून वेगळे पैसे घेत नाही. क्लेमच्या रकमेतून वाटा मागायला तर आचारसंहितेतच सक्त मनाई आहे. ती तशीच असावी. मग त्या दिवसाचा मोबदला कुठून येतो? तुमच्यासारख्या, त्या वर्षी क्लेम न आलेल्या ग्राहकांच्या रिन्यूअलमधून. तुमचा क्लेम येईल त्या वर्षी इतरांच्या रिन्यूअलमधून.

ज्यांचा एजंट पॉलिसी दिल्यावर पुन्हा भेटलाच नाही त्यांनी हा प्रश्न अजून कडक शब्दांत विचारावा, त्यात मी त्यांच्या बाजूची आहे.

पॉलिसीधारक_एक

धन्यवाद. हे मला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या एजंटला मी गेली काही वर्षं फोनही केलेला नाही, रिन्यूअलच्या आधी करतो.

पलीकडचा

मी एका आरोग्य विमा कंपनीत सेल्स सांभाळतो. कंपनीचं नाव सांगत नाही, आणि इथे तिच्या वतीने बोलतही नाही. पण पलीकडून काय दिसतं ते सांगावंसं वाटलं.

आमच्यापर्यंत निर्णय होऊनच येतो, चर्चेसाठी येत नाही. हे सर्क्युलर माझ्या एजंटांना वाचून दाखवताना मला वाईट वाटलं, कारण यातल्या कित्येकांना मीच या धंद्यात आणलं.

कंपनीपुढे तीन वाटा होत्या. एक, क्रेडिट गेल्याचा बोजा स्वतः सोसायचा. खर्चाला नियामकाने (आयआरडीएआय) मर्यादा घातलेली आहे : फक्त आरोग्य विमा करणाऱ्या कंपनीला एकूण हप्त्याच्या ३५ टक्के, सर्वसाधारण विमा कंपनीला ३० टक्के, आणि कमिशन त्यातच मोजलं जातं. ज्या कंपन्या आधीच त्या मर्यादेला टेकल्या आहेत त्यांना जागा कमी. दुसरी वाट मूळ हप्ता वाढवायची. सरकारने कर काढला आणि कंपनीने लगेच हप्ता वाढवला असं दिसलं असतं, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत तर ३० जानेवारी २०२५ च्या आदेशाने वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करायची असेल तर आधी आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागते. तिसरी वाट तुम्ही पाहिलीत. तिन्हींत सगळ्यात कमी आवाज होईल अशी तीच होती.

रेवतीताईंनी नवा धंदा आणि जुनं रिन्यूअल वेगळं केलं आहे, ते मात्र वरच्या बैठकीत टिकेल असा मुद्दा आहे. तो नुसता न्यायाच्या भाषेत मांडू नका. तुमच्या एजंट कोडवर किती टक्के पॉलिसी दर वर्षी टिकतात आणि तुमच्या कोडवरचे किती क्लेम क्वेरीशिवाय निघतात, हे आकडे घेऊन जा. ब्रँचला ते मागितले तर मिळतात. चांगल्या एजंटच्या पॉलिसी टिकतात, आणि टिकलेली पॉलिसी कंपनीला नव्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. हे वरच्या लोकांना समजतं.

जुनी_पायवाट

उशिरा लिहितोय, सगळं वाचून काढलं.

मुळात आपलं कमिशन कशावर उभं आहे हे बघा. २०१६ च्या नियमांत वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवर कमाल १५ टक्के असं लिहिलेलं होतं. १ एप्रिल २०२३ पासून ती पॉलिसीनिहाय मर्यादा निघाली आणि कंपनीने स्वतःचं कमिशन धोरण ठरवावं, एकूण खर्च मर्यादेत ठेवावा, अशी रचना आली. तेव्हा आपल्यातले बरेच जण खूश होते, की आता जास्त मिळेल. काहींना मिळालंही. पण वरची मर्यादा निघाली तरी खालून आधार द्यायला काही नव्हतं, तो आधीही नव्हता. किमान अमुक टक्के दिलंच पाहिजे असं कुठल्याच नियमात नाही. ज्या धोरणाने वाढवलं त्याच धोरणाने आज कमी केलं.

आयुर्विम्यातही आपण हे पाहिलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरल्यावरही विशेष सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच सोडल्यास परत मिळणारी रक्कम) द्यायचा नियम लागू झाला, आणि काही कंपन्यांनी पहिल्या वर्षाचं कमिशन कमी केलं. फरक एवढा, की तिथे पुढच्या वर्षांचा टक्का वाढवल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणजे पॉलिसी टिकवणाऱ्याला काहीतरी परत मिळालं. इथे टिकवणाऱ्याचंच कमी केलंय. रेवती, तुझ्या निवेदनात ही तुलना घाल.

आता समांतर यांना. दादा, तुमचा राग मला समजतो. पण राग ग्राहकाच्या पॉलिसीवर निघू नये एवढीच माझी कळकळ आहे. गेल्या महिन्यापासून मी ऐकतोय, एजंट म्हणतायत ‘सगळे ग्राहक दुसऱ्या कंपनीत पोर्ट करून टाकतो, मग कळेल’. पोर्ट करणं हा ग्राहकाचा हक्क आहे, त्याच्या सोयीसाठी. आपल्या भांडणासाठी नाही. सत्तरीतल्या मधुमेही बाईंची पॉलिसी हलवायला गेलात आणि नव्या कंपनीने प्रस्ताव नाकारला तर? नाकारायचा अधिकार तिला आहे. अर्ज रिन्यूअलच्या किमान ४५ दिवस आधी जायला हवा, त्यात उशीर झाला, तेवढ्यात जुनीची तारीख आणि त्यानंतरची सवलतीची मुदतही निघून गेली, तर त्या बाईंनी आजवर कमावलेलं सगळं जातं : आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ संपलेला असतो तो, आणि ६० महिने सलग पूर्ण झाल्यावर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज क्लेमवर जाहीर न केल्याचा आक्षेप घेता येत नाही, ते संरक्षणही. पोर्ट मंजूर झालं तरी हा फायदा जुन्या विमा रकमेपुरताच पुढे जातो, वाढवलेल्या रकमेला नव्याने मोजणी सुरू होते. हे सगळं समजावून सांगून ग्राहक हो म्हणाला तर जरूर करा. चारशे-साडेचारशे रुपयांसाठी परस्पर करू नका.

समांतर

पोर्ट करा असं मी म्हटलंच नव्हतं. फक्त नवा धंदा थांबवा म्हटलं. त्यात ग्राहकाचं काय नुकसान?

कायदेवाचन

समांतर, त्यात ग्राहकाचं नुकसान नसेलही, पण तुमचं होऊ शकतं. मी वकिली करतो, थोडं सविस्तर सांगतो.

एखाद्या एजंटने स्वतः ठरवून एका कंपनीचा धंदा थांबवला तर त्याला कोणी काही म्हणू शकत नाही. एकत्र निवेदन देणं, भेटीची वेळ मागणं, नियामकाकडे आणि अर्थमंत्रालयाकडे जाणं, धरणं धरणं हेही सगळं ठीक. पण ‘कोणीही या कंपनीचा धंदा करायचा नाही, करेल त्याचं नाव जाहीर करू’ असा ठराव संघटनेने केला, तर तो स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये येऊ शकतो. औषधविक्रेत्यांच्या संघटनांनी कंपन्यांवर असेच बहिष्कार टाकले होते, आणि स्पर्धा आयोगाने त्या संघटनांना दंड केलेले आहेत. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरचा मेसेज हाही पुरावा असतो. म्हणून नावं टाकण्याची भाषा कृपया सोडून द्या.

करार. आपापला एजन्सी करार काढून वाचा. बहुतेकांत कमिशनचा तक्ता कंपनी वेळोवेळी बदलू शकते असं कलम असतं. पण दोन गोष्टी शोधा. बदलाआधी नोटीस किती दिवसांची? आणि बदल कोणत्या पॉलिसींना लागू : त्या तारखेनंतर दिलेल्या, की त्या तारखेनंतर हप्ता आलेल्या? काही करारांत ही भाषा स्पष्ट नसते. तुमच्या जुन्या रिन्यूअलचा दावा उभा राहिला तर याच फटीतून राहील. नोटीस न देता मागच्या तारखेपासून कापलं असेल तर तेही लेखी नोंदवा.

दाद कुठे मागायची यावर गोंधळ दिसतो. विमा लोकपाल आणि ‘बीमा भरोसा’ पोर्टल ही ग्राहकाच्या तक्रारींसाठी आहेत, कमिशनच्या वादासाठी तिथे जाऊन उपयोग नाही. करारात लवाद असेल तर लवाद, नसेल तर दिवाणी न्यायालय.

आणि एक सावधगिरी. ग्राहक हातचा जाऊ नये म्हणून काही जण कमिशनमधला भाग ग्राहकाला परत देतात. विमा कायदा १९३८ च्या कलम ४१ खाली तो गुन्हा आहे, दंड १० लाखांपर्यंत आहे. कमिशन कमी झालेलं असताना हा मोह जास्त होतो.

नवा_कोड

मी दोन वर्षांपूर्वी या धंद्यात आले. सगळ्यांचं वाचून एक विचारते. एजन्सी सोडून ब्रोकरकडे पीओएसपी (ब्रोकरच्या वतीने पॉलिसी विकणारी व्यक्ती) झालं तर? तिथे एकाच वेळी पुष्कळ कंपन्यांच्या पॉलिसी देता येतात. एजंट म्हणून मला कायद्याने एक आयुर्विमा, एक सर्वसाधारण आणि एक आरोग्य विमा कंपनी एवढंच बांधून घेतलंय. माझ्या आरोग्य कंपनीने कमिशन कापलं तर मला दुसरी वाटच नाही, आणि हे कंपनीला चांगलं माहीत आहे.

जुनी_पायवाट

बाळ, विचार रास्त आहे. वय तुझ्या बाजूने आहे, तेव्हा नक्की चौकशी कर. दोन गोष्टी लक्षात ठेव. एजंट आणि पीओएसपी एकाच वेळी राहता येत नाही, एजन्सी सोडून सेसेशन सर्टिफिकेट (एजन्सी सोडल्याचा दाखला) घ्यावं लागतं. सोडलीस की जुन्या ग्राहकांच्या पॉलिसी कंपनीकडेच राहतात, त्यांचं रिन्यूअल कमिशन तुला पुढे मिळेल की नाही हे करारावर. दोन वर्षांचा धंदा असेल तर सोडवतं. ज्याचं अर्धं आयुष्य एका कोडवर उभं आहे त्याला सोडवत नाही.

आकडेमोड

त्यात भर घालतो. ब्रोकर स्वतः जीएसटी लावून बिल करतो, आणि त्याच्या खर्चावरचं क्रेडिट त्याला मिळतं. म्हणून कंपनीने ब्रोकरेजही करासकट केलं तरी त्याचा मार थोडा कमी असतो. पण पीओएसपीच्या हातात शेवटी किती येणार हे ब्रोकर ठरवतो, आणि त्याचंही ब्रोकरेज कमी झालेलंच आहे. जायच्या आधी त्याच्याकडून टक्का लेखी घ्या, करासह की कराशिवाय ते स्पष्ट लिहून.

काही जण मिळून इन्शुरन्स मार्केटिंग फर्म काढायचा विचार करू शकता. तीत प्रत्येक प्रकारच्या सहा कंपन्यांशी करार करता येतो, पण किमान १० लाखांची नेटवर्थ लागते, आकांक्षित जिल्ह्यात ५ लाख. चौघांनी मिळून जमण्यासारखं आहे.

मला मात्र मूळ मागणीबद्दल बोलायचं आहे, कारण इथे सगळे कंपनीकडेच बघतायत. गाठ पडलीय ती कररचनेत. हप्ता करमाफ केला, त्या पॉलिसींचा पुनर्विमाही (कंपनी स्वतःच्या जोखमीवर काढते तो विमा) करमाफ केला, कारण नाहीतर त्या कराचा बोजा कंपनीवर पडला असता. मग त्याच पॉलिसींवरचं कमिशन करमाफ का नाही? ज्या कारणाने पुनर्विमा माफ झाला तेच कारण कमिशनला जसंच्या तसं लागू आहे. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य पॉलिसींवरच्या कमिशनला जीएसटी परिषदेने माफी दिली तर कर उरतच नाही. तुमचे ३,००० पूर्ण ३,००० राहतात, कंपनीचा खर्चही वाढत नाही, ग्राहकाचा हप्ताही. या मागणीत कंपनी तुमच्या विरोधात नाही, सोबत आहे. तिच्याही सहीचं पत्र मागा.

पलीकडचा

हे अगदी बरोबर. हप्ता माफ झाल्यापासून आमच्याकडेही हीच इच्छा आहे. एजंटांकडून लेखी मागणी आली तर वर पाठवणं मला सोपं जाईल.

रेवती

यावरून निवेदनाचा मसुदा नव्याने केला. आधीचा मोठा आणि भावनेने भरलेला होता. आता एवढंच आहे :

‘आपल्या सर्क्युलरनुसार कमिशन जीएसटीसह धरल्यामुळे आमच्या मोबदल्यात सव्वापंधरा टक्के घट झाली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी दिलेल्या पॉलिसींच्या रिन्यूअलवर कमिशन पूर्वीप्रमाणे, कर वेगळा धरून द्यावं, कारण त्या पॉलिसी जुन्या दराच्या भरवशावर केल्या आणि टिकवल्या आहेत. सोबत आमच्या कोडवरचे रिन्यूअलचे व क्लेमचे आकडे जोडले आहेत. नव्या पॉलिसींवर हीच पद्धत ठेवायची असेल तर मासिक स्टेटमेंटमध्ये वजा केलेला जीएसटी वेगळ्या रकान्यात दाखवावा, टीडीएस करोत्तर रकमेवर कापावा, आणि कमिशनवरील कर पुढे माफ झाल्यास ही रक्कम त्या तारखेपासून आम्हाला पूर्ववत मिळेल असं लेखी द्यावं. वैयक्तिक पॉलिसींवरील कमिशनला जीएसटीतून माफी मिळावी यासाठी आम्ही केंद्रीय अर्थमंत्री आणि राज्याचे अर्थमंत्री यांना निवेदन देत आहोत, त्याला आपलं समर्थनपत्र जोडावं.’

वेगळ्या रकान्याचा आग्रह मी मुद्दाम धरलाय. आज ते ४५८ रुपये कर म्हणून दिसले तर उद्या कर गेल्यावर ते परत मागता येतील. नुसता कमी टक्का छापून आला तर दोन वर्षांनी कोणाला आठवणारही नाही की तो का कमी झाला होता.

आकडेमोड

‘करोत्तर’ काढा, त्याचा अर्थ इन्कम टॅक्सनंतरची रक्कम असाही निघतो. ‘जीएसटी वगळून उरलेल्या रकमेवर’ असं लिहा.

राज्याचे अर्थमंत्री घातलेत ते उत्तम. परिषदेत मतांचा दोन तृतीयांश वाटा राज्यांचा आहे आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. विषय राज्याच्या बाजूने आला तर वजन पडतं.

समांतर

मसुदा वाचला. मला अजूनही वाटतं हे फार मऊ आहे. पण नावं टाकण्याचं मागे घेतो, वकीलसाहेबांचं पटलं. माझ्यापुरता नवा धंदा मी थांबवतोय, इतरांना सांगणार नाही. रिन्यूअल आणि क्लेम करत राहीन. सहीसाठी मसुदा पाठवा.

नवा_कोड

माझीही सही. कोडवरचे क्लेमचे आकडे ब्रँचमध्ये नेमके कोणाकडे मागायचे?

पलीकडचा

तुमच्या सेल्स मॅनेजरला ईमेल करा, तोंडी नको. एजंट कोड, गेली तीन आर्थिक वर्षं, रिन्यूअलचं प्रमाण आणि क्लेमची यादी, असं स्पष्ट लिहा. एजंट पोर्टलच्या रिपोर्टमध्येही यातलं बरंचसं असतं, तिथून आधीच काढून ठेवा. रुग्णांची नावं आणि आजार मात्र निवेदनाला जोडू नका, फक्त संख्या द्या.

जुनी_पायवाट

ब्रँचला प्रत दिलीत की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या. शिक्का द्यायला नकार आला तर वाद न घालता तीच प्रत मुख्य कार्यालयाला स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा, आणि ईमेलमध्ये तिचा नंबर लिहा. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत पत्रातच घाला.